दोन पौंडांचा रवा

राजाराम देवळेकरांच्या कोटाच्या आतल्या खिशात तीन वस्तू कायम असत: वाचायचा चष्मा, टोक काढलेली पेन्सिल आणि स्प्रिंगचा वजनकाटा. पहिल्या दोन वस्तूंबद्दल न्यूझीलंडमधल्या टाकानिनी गावच्या त्या घरात कुणाचं काही म्हणणं नव्हतं. तिसरीमुळे मात्र सगळं रामायण घडलं.

काटा वीतभर लांबीचा, खाली आकडा, वर अडकवायला कडी. आठ वर्षांच्या अनुष्कानं तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा विचारलं, "आबा, इज दॅट फॉर फिशिंग?" देवळेकरांना फार लागलं ते. महाराष्ट्र सरकारच्या वजनमापे खात्यात एकतीस वर्षं निरीक्षक असलेल्या माणसाच्या हत्याराला नात मासेमारीचं सामान समजत होती. बार्शी, विटा, मंगळवेढा. जिथं जिथं त्यांची बदली झाली तिथं आठवड्याच्या बाजारात ते नुसते शिरले तरी पारडी आपोआप समांतर होत. तराजूच्या तळाला चिकटवलेली चिंच त्यांनी सोडवली होती, पोकळ करून आत लाख भरलेली वजनं त्यांनी कानाशी वाजवून ओळखली होती. एका सराफानं त्यांना चहा पाजायचा प्रयत्न केला तर त्यांनी चहाचे पैसे टेबलावर ठेवून त्याची पावती मागितली होती.

असा माणूस निवृत्त होऊन, दोन हजार सहा साली, मुलाकडं न्यूझीलंडला आला आणि त्याची पुरती पंचाईत झाली. इथं कुणी मापात मारतच नव्हतं. मुलगा नितीश रस्ते बांधणाऱ्या कंपनीत इंजिनियर, सून सुखदा एका मोठ्या क्लिनिकमध्ये फार्मासिस्ट. नवीकोरी वस्ती, गालिच्यासारखी गुंडाळी आणून अंथरलेली हिरवळ, आणि दुपारी दोन वाजता रस्त्यावर माणूस नाही. चोर नसलेल्या गावात फौजदाराची बदली व्हावी तसं झालं त्यांचं.

त्यांना तारलं ते शनिवारच्या पिशवीनं. दर शनिवारी सकाळी कांचनताई, म्हणजे त्यांची पत्नी, यादी देत. खाकी कापडी पिशवी खांद्याला लावून देवळेकर वीस मिनिटं चालत सुपरमार्केटला जात आणि तिथं दोन तास रमत. सहाशे ग्रॅमचं दही घ्यावं की किलोचं, तीन डबे एकत्र घेतले तर खरंच स्वस्त पडतात का, याची गणितं ते जुन्या पावत्यांच्या पाठीवर मांडत. घरी आले की जेवताना अहवाल सादर करत.

"कॉर्नफ्लेक्सचा मोठा खोका शंभर ग्रॅममागं चार सेंटनं महाग आहे. मोठा खोका! लोक मोठा म्हणून उचलतात."

"हो का बाबा," सुखदा म्हणायची. तिचं लक्ष अनुष्काच्या ताटाकडं असायचं. पण दखल तर घेतली जायची.

मग मार्चमध्ये चीज झालं.

एक किलोची चीजची वडी देवळेकरांनी सहज, हातासरशी, काट्याला अडकवून पाहिली. काट्यानं नऊशे ऐंशी दाखवलं. दुसरी वडी, नऊशे ऐंशी. तिसरी तीच. एकतीस वर्षांचं रक्त उसळलं. त्यांनी मॅनेजरला बोलावणं पाठवलं. मॅनेजर पंचविशीतली, हसऱ्या चेहऱ्याची मुलगी. तिनं "किया ओरा" असा तिथला नमस्कार करून वड्या मागच्या मोठ्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवल्या. एक हजार चार. एक हजार सहा. एक हजार तीन.

"विमानातल्या थंडीनं स्प्रिंग आखडली असणार," देवळेकर मराठीत म्हणाले.

त्या मुलीला एक अक्षर कळलं नाही, पण म्हाताऱ्याचा चेहरा पाहून तिला वाईट वाटलं. "स्वीट ॲज," म्हणजे काही हरकत नाही, असं ती म्हणाली, आणि एक वडी फुकट त्यांच्या पिशवीत घातली. इथंच घोटाळा झाला. खात्याच्या माणसाच्या पिशवीत दुकानदार फुकट वस्तू घालतो याला देवळेकरांच्या शब्दकोशात एकच शब्द होता. त्यांनी वडी काढून परत दिली. तिनं पुन्हा घातली. त्यांनी आवाज चढवून "नो ब्राइब! नो ब्राइब!" म्हटलं. रांगेत सुखदाच्या क्लिनिकमधली रिसेप्शनिस्ट उभी होती.

त्या संध्याकाळी पिशवी गॅरेजमधल्या खिळ्यावर गेली, छत्र्यांच्या शेजारी.

"बाबा, रागावू नका," सुखदा म्हणाली, "पण आता शॉपिंग मी आणि नितीश बघू. तुम्ही आराम करा."

आराम! देवळेकरांनी सहा महिने आराम केला. समोरचा माणूस हिरवळ किती दिवसांनी कापतो हे पाहिलं, बारा. कुरिअरची गाडी दिवसातून किती वेळा येते ते पाहिलं, दोन. जेवताना आता त्यांच्याकडं सांगण्यासारखं काही नसायचं. गॅरेजमधून जाताना ते पिशवीकडं बघत नसत, आणि कांचनताईंना ते बघत नाहीत हे दिसत असे.

सप्टेंबरात घरात सत्यनारायण करायचं ठरलं. रविवारी पूजा, साठ माणसं. वाणसामान सँडरिंगहॅमच्या भारतीय दुकानातून आणायचं. शनिवारी सुखदाला अनुष्काला त्याच बाजूला पोहायला न्यायचं होतं, नितीश कामावर. कांचनताईंनी भाजी निवडता निवडता, कुणाकडं न बघता म्हटलं, "ह्यांना दुकानात सोड की. तू पोरीला घेऊन जा. पूजेचं सामान ह्यांना कळतं."

सुखदानं हातातला ग्लास खाली ठेवला. दिवसभर औषधं मोजून देणारी बाई. कुठल्या गोष्टीचा काय डोस याचा तिला अंदाज होता.

"तीन अटी," ती म्हणाली. "काटा खिशातून बाहेर काढायचा नाही. मॅनेजरला बोलवायचं नाही. आणि कुणी विचारल्याशिवाय वजनाबद्दल बोलायचं नाही. सगळं सामान यादीप्रमाणं नीट आलं, कुठं काही झालं नाही, तर शनिवारची पिशवी पुन्हा तुमची. काही कमीजास्त झालं तर मात्र विषय संपला. चालेल?"

"मंजूर," देवळेकर म्हणाले. नोकरीत असताना इतक्या लवकर त्यांनी काहीच मंजूर केलं नव्हतं.

यादी कांचनताईंनी लिहिली. सुपाऱ्या, कापूर, नारळ पाच, विड्याची पानं, आणि सगळ्यांत शेवटी, प्रसादाच्या शिऱ्यासाठी: रवा सव्वा.

"सव्वा काय?" देवळेकरांनी विचारलं. "एकक लिही ना. एककाशिवाय आकड्याला काही अर्थ नसतो."

"तीस वर्षं सव्वाच लिहितेय. तुम्ही तीस वर्षं सव्वाच आणताय. आजच काय अडलं?"

"सव्वा किलो," असं म्हणत त्यांनी पेन्सिलीनं पुढं किलो लिहिलं. कांचनताईंनी ते पाहिलं आणि कोथिंबिरीच्या काड्या मोडल्या.

गाडीत रेडिओ चालू होता. कुणीतरी आपल्या बाळाच्या जन्माची बातमी सांगत होतं: आठ पौंड दोन औंस. देवळेकरांनी खिडकीबाहेर तोंड केलं. या देशानं तीस वर्षांपूर्वी किलो स्वीकारला होता. लोणी किलोत, बटाटे किलोत, रस्ते किलोमीटरमध्ये. पण बाळ जन्माला येताना पौंडातच यायचं, आणि माणूस मोठा झाला की सहा फूट व्हायचा. त्यावर बोलायला त्यांच्याकडं पुष्कळ होतं. पण तिसरी अट आठवून ते गप्प बसले. सुखदानं आरशातून पाहिलं आणि रेडिओचं बटण फिरवलं.

दुकान चंद्रहासचं. मूळचा बेळगावचा, पन्नाशीतला, गल्ल्यामागं उंच स्टुलावर बसून एकाच वेळी फोनवर आणि गिऱ्हाइकाशी बोलणारा. सुखदानं सासऱ्यांना दारात सोडलं, "दीड तासात येते" म्हणाली आणि गेली.

सुपाऱ्या, कापूर, नारळ, पानं पंधरा मिनिटांत झाली. नारळ मात्र देवळेकरांनी कानाशी हलवून घेतले. त्याला कुठलीच अट लागू नव्हती. मग ते रव्याच्या फडताळापाशी आले आणि जागीच खिळले.

फडताळात दोन तऱ्हेची पाकिटं होती. डावीकडं साधी पांढरी, त्यावर बारीक अक्षरांत एक किलो. भाव दोन डॉलर साठ. उजवीकडं चकचकीत, अमेरिकेच्या बाजारासाठी बांधून तिथं न खपता इकडं आलेली. त्यावर मुठीएवढा मोठा आकडा: दोन. त्याच्यापुढं मुंगीएवढं: पौंड. भाव दोन डॉलर पन्नास. कांचनताई एरवी सुखदाकडून हेच मागवत; त्या मोठ्या दोनला भुलतात, असं देवळेकरांचं मत होतं.

दोन पौंड म्हणजे नऊशे सात ग्रॅम. किलोपेक्षा त्र्याण्णव ग्रॅम कमी, आणि स्वस्त फक्त दहा सेंटनं. म्हणजे किलोला पंधरा-सोळा सेंट जादा मोजायचे. पण फडताळासमोर येणारा माणूस काय बघायचा? इकडं एक, तिकडं दोन, आणि दोनचं पाकीट वर दहा सेंट स्वस्त! देवळेकरांच्या डोळ्यांदेखत तीन जणांनी दोनचं पाकीट उचललं. एकानं तर दोन घेतली, म्हणजे चार झाले म्हणून खूश होऊन.

बाजारात उभं राहून हे बघायचं आणि तोंड मिटून घ्यायचं, यापेक्षा उपवास सोपा.

कुणाचीही फसवणूक नव्हती, हेही त्यांना दिसत होतं. पाकिटाच्या मागं ग्रॅमही छापले होते, कायद्यात कुठं बोट घालायला जागा नव्हती. कायद्यानं बरोबर आणि डोळ्याला चूक. असली प्रकरणं त्यांना नोकरीतही झोपू देत नसत.

तेवढ्यात एक तिशीतली बाई आली. निळा नर्सचा गणवेश, त्यावर जाकीट, गळ्यात हॉस्पिटलचं ओळखपत्र: मृदुला. तिनं फोन खांद्यात धरून दोनच्या पाकिटाकडं हात नेला. देवळेकरांनी डोळे मिटले, हात जोडले आणि स्तोत्र म्हणावं तशा सुरात, छताकडं तोंड करून म्हणाले,

"एक पौंड चारशे त्रेपन्न. दोन पौंड नऊशे सात. चार पौंड अठराशे चौदा."

मृदुलाचा हात थबकला. "काय म्हणालात काका?"

"काही नाही. पाढा म्हणतोय. वय झालं, विसरायला होतं."

"दोन पौंड म्हणजे नऊशे...? म्हणजे एक किलोपण नाही?"

आता तिनं विचारलं होतं. विचारल्यावर सांगायला मनाई नव्हती. देवळेकरांनी दीर्घ श्वास घेतला आणि सहा महिन्यांचा साठा मोकळा केला. मृदुला फोन बंद करून ऐकत राहिली. पाकीट उलटं करून तिनं मागचे बारीक आकडे वाचले. "अगंबाई! तीन वर्षं मी हेच नेतेय!" तिनं पौंडाचं पाकीट ठेवून किलोची दोन पाकिटं उचलली आणि जाता जाता शेजारच्या बाईला सांगितलं. त्या बाईनं आपल्या नवऱ्याला. पुढच्या अर्ध्या तासात देवळेकरांनी पाढा नऊ वेळा म्हटला, आणि नऊही वेळा कुणी ना कुणी "काय म्हणालात?" असं विचारलं.

"काय ओ काका," मागून आवाज आला. चंद्रहास स्टुलावरून उतरून आला होता. "माझ्या दुकानात उभारून कसला पाठ चाललाय तुमचा? पौंडाचं पाकीट हलंना झालंय."

"मी कुणाला काही सांगितलं नाही. त्यांनी विचारलं."

"मी काय फसवतोय काय लोकांना? मागं बघा की, ग्रॅम छापलेत!"

"मागं छापलेत. लोक पुढून वाचतात."

"मग मी काय पाकिटं उलटी लावू?"

"उलटी नको. फडताळावर चिठ्ठी लाव. किलोला किती पडतं ते. दोन्हीची. मग ज्याला जे घ्यायचं ते घेऊ दे."

चंद्रहासनं त्यांच्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. कोट, पेन्सिल, वाकलेली पण ताठ व्हायला बघणारी पाठ. "सरकारी नोकरीत होता काय तुम्ही?"

"वजनमापे. एकतीस वर्षं."

"अरे देवा," चंद्रहास म्हणाला. मग कधी नव्हे तो हसला. "माझ्या वडिलांचं बेळगावात किराणा दुकान होतं. वजनमापेवाला आला की आमची आई देवात दिवा लावायची बघा." त्यानं गल्ल्याखालून कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला, एक स्टूल ओढलं. "बसा. तुम्हीच लिवा. रवा, डाळ, पोहे, सगळ्याला लिवा. पण पाठ म्हणायचा नाही."

मॅनेजरला बोलावलं नव्हतं, मॅनेजर स्वतःच आला होता. काटा खिशातच होता. देवळेकरांनी मनातल्या मनात दोन्ही अटी तपासून पाहिल्या, त्यांवर छाप मारला, आणि बसले. इतक्या आनंदात त्यांनी सेवानिवृत्तीच्या समारंभातला हारही घातला नव्हता. तूरडाळ, मूग, साबुदाणा, जाडे पोहे; कुठलं पाकीट पौंडाचं, कुठलं किलोचं, प्रत्येकाखाली सुबक मराठी वळणाचे इंग्रजी आकडे. तिसऱ्या फडताळावर असताना दारातून सुखदाचा आवाज आला.

"बाबा?"

त्यांच्या हातातली पेन्सिल खाली पडली.

"मीच बसवलं ओ त्यांना," चंद्रहास गल्ल्यावरून ओरडला. "अक्षर चांगलं आहे म्हणून. काय त्रास नाही काकांचा."

सुखदानं एकदा सासऱ्यांकडं, एकदा चिठ्ठ्यांकडं पाहिलं. "झालं का सामान? अनुष्काचे केस ओले आहेत, चला पटकन."

देवळेकर लगबगीनं रव्याच्या फडताळाशी गेले. डावीकडं, जिथं पांढऱ्या पाकिटांची थप्पी होती, तिथं एकच पाकीट उरलं होतं. बाकी सगळा किलोचा रवा त्यांच्या पाढ्यानं विकला गेला होता. उजवीकडं पौंडाची पाकिटं तशीच्या तशी, चकचकीत.

पाहिजे होता सव्वा किलो. हातात आला एक किलो. पौंडाचं पाकीट घेतलं असतं तर प्रश्न मिटत होता. पण ज्या फडताळासमोर अर्धा तास पाढा म्हटला, त्याच फडताळावरचं तेच पाकीट पिशवीत घालायचं? तेही स्वतःच्या हातानं लिहिलेल्या चिठ्ठीसमोर? चंद्रहास बघत होता. देवळेकरांनी किलोचं पाकीट घेतलं. पाव किलो घरात असेलच, त्यांनी स्वतःला सांगितलं. कुठल्या घरात पाव किलो रवा नसतो?

त्यांच्या घरात नव्हता.

दुपारी सुखदा आंघोळीला गेल्यावर त्यांनी सगळे डबे उघडून पाहिले. पोहे होते, शेवया होत्या. रव्याच्या डब्यात एक चमचा होता. नुसता चमचा. मुलाच्या नव्या घरातली पहिली पूजा, प्रसादाला सव्वाचा नेम, आणि रवा पावानं कमी. "काही कमीजास्त झालं तर विषय संपला." त्यांना गॅरेजमधला खिळा दिसू लागला.

जवळच्या सुपरमार्केटात रवा मिळायचा, पण पिठासारखा बारीक. लाडवाला चालेल, पण शिरा केला तर खळ होते असं कांचनताईंचं मत होतं. शिवाय ते चीजचं सुपरमार्केट. तरी देवळेकरांनी कोट चढवला, कानटोपी कपाळावर ओढली आणि दारात बसून बूट घालायला घेतले.

"कुठं निघालात?" कांचनताई मागं उभ्या होत्या.

"पाय मोकळे करायला."

"कानटोपी घालून?"

मग त्यांनी सांगितलं. पाढ्यापासून शेवटच्या पाकिटापर्यंत. कांचनताई ऐकत होत्या. त्यांच्या ओठांचा एक कोपरा मध्येच हलत होता.

"म्हणजे लोकांना किलो विकून स्वतः उपाशी राहिलात."

"चेष्टा करू नकोस. पाव किलो कमी आहे. सुखदा आता काय म्हणेल?"

"बूट काढा. बसा तिथं. आणि मी आता जे आणीन त्यावर एक अक्षर बोलायचं नाही."

त्या आतल्या खोलीत गेल्या. बॅग ओढल्याचा आवाज आला. परत आल्या तेव्हा हातात जुन्या नऊवारीत गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्यांनी लुगड्याचे पदर सोडवले. आतून पितळेचं माप निघालं. उभट, जाड, अंगावर सारख्या अंतरानं तीन वळ्या, बुडाला कुण्या तांबटाची खूण.

देवळेकर उठून उभे राहिले.

ते माप त्यांना माहीत होतं. ते नव्हे, तसली शेकडो. शेराचं माप. किलो आल्यावर कायद्यानं बाद झालेलं, बाजारात दिसलं की जप्त करायचं, हातोड्यानं चेपायचं आणि पंचनाम्यात "निरुपयोगी केले" असं लिहायचं. लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात त्यांनी स्वतःच्या घराची झडती घेतली होती. निरीक्षकाच्या घरी बेकायदा माप नको म्हणून कांचनताईंच्या माहेरून आलेली पायली आणि चिपटं त्यांनी अंगणात चेपली होती. त्याची कथा ते पुढं सगळ्या सहकाऱ्यांना अभिमानानं सांगत.

"हे कुठं होतं?"

"तांदळाच्या डब्यात. तळाशी. झडती घेताना तुम्ही डबा उघडलात, हात नाही घातलात."

"म्हणजे इतकी वर्षं..."

"प्रत्येक पूजेला. प्रत्येक. बार्शीला, विट्याला. तुमचे साहेब जेवायला आले होते आणि शिरा तीनदा मागून घेतला, तेव्हासुद्धा."

"आणि इथं कसं आणलंस? विमानतळावर?"

"तुम्ही पलीकडच्या टेबलावर तुमचा काटा समजावून सांगत होतात तेव्हा. इथल्या साहेबानं, बाहेरचं धान्य आणायला बंदी म्हणून, आत तांदळाचा दाणा आहे का तेवढं वाकून बघितलं. म्हणाला, लव्हली. तुमच्या खात्यापेक्षा बरी माणसं."

देवळेकरांनी मापाच्या बुडाची खूण बोटानं चाचपली. बोलायला मनाई होती. कांचनताईंनी ओट्यावर परात ठेवली, किलोचं पाकीट फोडलं आणि माप भरू लागल्या. शिगोशीग भरलं, परातीत ओतलं. मग उरलेला रवा मापात घातला. तो मापाच्या पहिल्या वळीपर्यंत आला. बरोबर पाव. पाकीट रिकामं.

"सव्वा," कांचनताई म्हणाल्या.

"पण हा तर किलोच आहे!"

"तुमचा किलो. माझा सव्वा. साखर याच मापानं, तूप याच मापानं. रवा हलका, साखर जड, ते मापाला ठाऊक असतं. सव्वा किलो आणला असता तर उरलाच असता. आणि एरवी ते पौंडाचं पाकीट मी उगीच मागत नव्हते. त्यातून हे माप भरतं आणि वर मूठभर उरतं. तुम्हाला वाटायचं, मी त्या मोठ्या दोनला भुलते."

देवळेकरांनी बूट काढले. इतक्या हळू काढले की एक काढून होईपर्यंत कांचनताईंचं तूप मोजून झालं.

रविवारी घर भरलं. पूजा झाली, कथा झाली, आणि शिरा असा झाला की साठ माणसांना प्रसाद वाटून वर पुन्हा मागणारे निघाले. देवळेकर द्रोण वाटत फिरत होते. सामान यादीप्रमाणं आलं होतं, काहीच कमी पडलं नव्हतं. सुखदाच्या चेहऱ्यावर पिशवी जवळजवळ दिसत होती. तेवढ्यात दारातून कुणीतरी आलं आणि त्यांच्या हातातला द्रोण कलला.

निळा गणवेश नव्हता, साडी होती. पण तीच.

"सुखदा, अगं हे तुझे सासरे?" मृदुला मोठ्यानं म्हणाली. "हेच ते पाढा म्हणणारे काका! काल सँडरिंगहॅमला अख्ख्या दुकानाला रवा कसा घ्यायचा ते शिकवलं यांनी. किलोची पाकिटं संपली बघ सगळी!"

सुखदा वळली. "बाबा. तिसरी अट?"

"कुणी विचारल्याशिवाय बोलायचं नाही," देवळेकर म्हणाले. "प्रत्येकानं विचारलं."

"आधी पाढा कुणी म्हटला?"

"पाढा वजनाबद्दल असला तरी तो पाढाच असतो." त्यांचं त्यांनाच ते पटलं नाही. त्यांनी मान खाली घातली. "म्हटला मी. राहवलं नाही. पाकीटही एकच उरलं. तुझ्या सासूबाईंनी निभावून नेलं म्हणून, नाहीतर रवा कमीच होता."

मृदुलाला आपण काहीतरी घोळ केला हे कळलं. "अगं, पण मला फार उपयोग झाला," ती घाईनं म्हणाली. "आम्ही वॉर्डात तेच तर सांगतो दिवसभर, एमएल बघा, चमच्यानं देऊ नका."

सुखदाला आठवलं. या आठवड्यातच एक आजी नातवाला तापाचं औषध जेवणाच्या चमच्यानं पाजत होती, आणि सुखदानं काउंटर सोडून, रांग थांबवून, तिला पाच मिलिलिटर म्हणजे काय ते ग्लासात पाणी ओतून दाखवलं होतं. तिला कुणी विचारलं नव्हतं. घरी येऊन तिनंच ते तावातावानं सांगितलं होतं.

ती गॅरेजमध्ये गेली. परत आली तेव्हा हातात खाकी पिशवी होती, सहा महिन्यांची धूळ झटकलेली.

"काटा मात्र अनुष्काला द्यायचा," ती म्हणाली. "शेजारचे तिला जेटीवर मासे धरायला नेतायत."

"तो कमी दाखवतो."

"मग मासे लहान दिसतील. मोठ्या फुशारक्या मारायला नकोत."

देवळेकरांनी खिशातून काटा काढला आणि नातीच्या हातात दिला. "स्वीट ॲज, आबा!" अनुष्का म्हणाली आणि पळाली.

पाहुणे गेल्यावर त्यांनी कोटातून चंद्रहासच्या कोऱ्या चिठ्ठ्यांतली चुकून आलेली एक काढली. सुखदाचा औषधं मोजायचा ग्लास मागून घेतला आणि शेराच्या मापात पाणी भरत गेले. एक लिटर आणि शंभर मिलिलिटर. दोनदा मोजलं. मग पेन्सिलीला टोक करून सुबक अक्षरांत लिहिलं: "१.१ लि. पडताळणी केली, सप्टेंबर २००७. केवळ पूजेसाठी. व्यापारास मनाई." चिठ्ठी मापाच्या बुडाला चिकटवली.

"सही राहिली," कांचनताई म्हणाल्या.

त्यांनी सही केली.

पुढच्या शनिवारी सकाळी यादी नेहमीसारखीच आली. दूध, बटाटे, कोबी, आणि तळाला: रवा सव्वा. देवळेकरांनी पेन्सिल बाहेर काढली, सव्वाच्या पुढं टेकवली.

"अहो, जाताय ना? नऊ वाजले," आतून हाक आली.

त्यांनी पेन्सिल खिशात ठेवली आणि पिशवी खांद्याला लावली.